सासूबाईंची आगबोट आणि ९१,२०० रुपये

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई. आम्ही कल्याणला राहतो. सासूबाईंना यंदा सत्तर पूर्ण होतील. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याचं. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गावी जायच्या, त्या गोष्टी अजून सांगत असतात. म्हणून वाटलं, त्यांना क्रूझने गोव्याला न्यावं. मुंबई–गोवा–मुंबई, दोन रात्री. आम्ही दोघं, सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा. जाहिरातीत माणशी १७,५०० होते. एजंटने हातात ठेवलेल्या कागदावर मात्र दोन बिनखिडकीच्या खोल्यांचे ९१,२०० आहेत. हे म्हणतात, एवढ्यात तारकर्लीला दोनदा जाऊन येऊ. नणंद म्हणते, स्वस्तातली बोट म्हणजे नुसती दारू आणि गोंगाट. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि जमलं तर गोव्यात कवळ्याला शांतादुर्गेचं दर्शनही घ्यायचंय त्यांना. काय करू? पैसे वसूल होतील का?

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा आकड्यांसाठी आणि एकदा सासूबाईंसाठी. उत्तर आधीच सांगून टाकते: जा. पण एजंटने दिलेला कागद आहे तसा घेऊ नका, त्यात दोन-तीन बदल करून घ्या. ते केलेत तर पैसे वसूल होतील. नाही केलेत तर तुमच्या यजमानांचं म्हणणं बरोबर ठरेल.

आधी त्या ९१,२०० चं बघू. चौघांचे १७,५०० प्रमाणे ७०,००० झाले. वरचे २१,२०० म्हणजे बंदराचं शुल्क, नोकरवर्गाच्या सेवेचं शुल्क आणि कर. यात एजंटने तुम्हाला फसवलेलं नाही. आपल्याकडे क्रूझच्या जाहिरातीत सहसा असाच नुसता भाड्याचा आकडा छापतात, आणि तोही एका खोलीत दोन माणसं धरून. त्यामुळे जाहिरातीतला आकडा विसरून जा. तुमचा खरा हिशोब आहे चार माणसं, दोन रात्री, म्हणजे माणशी रात्रीला ११,४०० रुपये. त्यात प्रवास, खोली, सकाळपासून रात्रीपर्यंतचं जेवणखाण, पोहण्याचा तलाव आणि संध्याकाळचा नाचगाण्याचा कार्यक्रम एवढं येतं. एखाद्या बऱ्या रिसॉर्टमध्ये तीन वेळचं जेवण धरून राहिलात तर याच्या जवळपास जाल. म्हणजे भाव अगदी अवाच्या सवा नाही, पण स्वस्तही नाही. तो स्वस्त पडणार की महाग, हे बोटीवर चढल्यावर ठरतं.

ते कसं, हे नीट समजून घ्या. सगळा विषय इथेच आहे. बोट बंदरातून सुटली की रिकामी राहिलेली खोली वायाच गेली. इंधन, कर्मचारी, बंदराचा खर्च तर तेवढाच राहतो. म्हणून कंपन्या भाडं उतरवून का होईना, बोट भरतात आणि उरलेली कमाई आत करतात. दारू, कॅसिनो, स्पा, वाय-फाय, फोटो, किनाऱ्यावरच्या सहली ही ती कमाई. हे फक्त स्वस्त कंपन्यांचं नाही. कार्निव्हलसारख्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीचा २०२३ चा हिशोब पाहिला तरी उत्पन्नाचा साधारण एक तृतीयांश भाग तिकिटाबाहेरच्या खर्चातून आलेला दिसतो. स्वस्त बोटीवर तर हा भाग कंपनीचा प्राणच. याचा अर्थ असा, की जो प्रवासी दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, पोटभर जेवतो, कार्यक्रम बघतो आणि डेकवर बसून समुद्र बघतो, त्याचं तिकीट शेजारच्या पिणाऱ्या-खेळणाऱ्या प्रवाशाने थोडंफार भरलेलं असतं. तुमचं कुटुंब पत्रावरून तरी असंच वाटतं. मग ही बोट तुमच्याचसाठी आहे. नणंदबाईंना ज्या दारूचा राग येतो, त्याच दारूने तुमचं भाडं कमी ठेवलेलं आहे.

मात्र पाकीट बंद ठेवणं बोलण्याइतकं सोपं नाही, हे मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही सिंगापूरहून एका स्वस्त बोटीने तीन रात्री गेलो होतो. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. खोलीची किल्ली म्हणून जे कार्ड देतात, तेच सगळीकडे दाखवायचं. पैसे खिशातून जाताना दिसत नाहीत, म्हणून गेल्यासारखे वाटत नाहीत. शेवटच्या रात्री दाराखालून बिल सरकवलं. ते मी अजून प्रवासाच्या वहीत ठेवलंय. दोन लिंबू-पुदिन्याची सरबतं. खोलीतल्या टेबलावरच्या पाण्याच्या तीन बाटल्या, ज्या आम्ही फुकट समजून प्यायलो. जेवताना काढलेला एक फोटो. एक दिवसाचं वाय-फाय, ज्यावर दोन व्हॉट्सॅप फोटो जेमतेम गेले. आणि प्रत्येक माणसाला प्रत्येक रात्रीची बक्षिसी, जी आम्हाला आधी कुणी सांगितली नव्हती. यातलं एकही मौजेचं नव्हतं. घरी आल्यावर माझ्या जावेच्या फोनचं बिल आलं ते वेगळंच. तिचा फोन समुद्रात बोटीच्या नेटवर्कला आपोआप जोडला गेला होता.

म्हणून चौघांचे फोन बोट सुटायच्या आधी फ्लाइट मोडवर टाका. किनाऱ्यापासून थोडं लांब गेलं की आपलं नेटवर्क जातंच, आणि दोन दिवस फोन नसला तर काही बिघडत नाही. खोलीतल्या पाण्याला हात लावण्याआधी विचारा. बुफेत पाणी आणि चहा मिळतो, बाटली तिथे भरून घ्या. मुलाला आधीच सांगून ठेवा की व्हिडिओ गेमच्या खोलीत कार्ड वापरायचं नाही. ‘पेयांचं पॅकेज’ म्हणून एजंट काही चिकटवायला बघेल, ते घेऊ नका.

आता बोटीबद्दल. स्वस्त कंपन्या सहसा बोटी नव्याने बांधत नाहीत, मोठ्या कंपन्यांनी वापरलेल्या घेतात. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून जी कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ सुटू लागली, ती १९९० साली फ्रान्समधल्या सेंट-नाझेरच्या गोदीत रॉयल कॅरिबियनसाठी बांधलेली. तेव्हा तिचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होतं आणि ती मुद्दाम तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी बनवली होती. जुनी म्हणून ती वाईट ठरत नाही. अकरा डेकची, दोनशे मीटरहून लांब बोट आहे, आणि अशा बोटींची नियमित तपासणी होत असते. पण तिच्या जन्मापासूनच खोल्या लहान आहेत. छोट्या सफरीत माणूस खोलीत झोपण्यापुरताच जाणार, असं धरून ती आखलेली. आजच्या नव्या बोटींवर जशा बाल्कन्यांच्या रांगा दिसतात, तशा तिथे नाहीत. साध्या खोलीचा अंदाज हवा असेल तर तुमच्या स्वयंपाकघराला एक संडास-बाथरूम जोडून बघा. तिसरा-चौथा पलंग भिंतीतून खाली येतो, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखा. मुलगा तर त्यावर आनंदाने उड्या मारत चढेल.

आणि इथेच माझा पहिला बदल. सासूबाईंसाठी खिडकीची खोली घ्या. बिनखिडकीच्या खोलीत दिवा घालवला की हाताचा पंजा दिसत नाही. पहाटेचे पाच आहेत की दुपारचे दोन, कळत नाही. तरुण माणसाला त्यात छान झोप लागते. पण जी बाई साठ वर्षांपूर्वीची आगबोट आठवून येतेय, गुडघ्यांमुळे जिला दर वेळी डेकवर चढवत नाही, तिला समुद्रावर नेऊन खोक्यात कोंडायचं? दोन खोल्या घेतच आहात, तर एक खिडकीची करा. तुम्ही आणि सासूबाई तिथे, यजमान आणि मुलगा बिनखिडकीच्या खोलीत. जे काही हजार वाढतील, ते या सगळ्या खर्चातले सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे असतील. खोली मागताना ‘खालच्या डेकवर, बोटीच्या मध्यावर’ असं स्पष्ट सांगा. बोट हलते ती टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त, मध्यावर खाली कमी. लिफ्टपासूनही जवळ हवी. या बोटींचे बोळ लांबच लांब असतात, आणि दुखऱ्या गुडघ्यांना बोटीच्या हलण्यापेक्षा त्या बोळांचा त्रास जास्त होतो.

आता गोवा. इथे तुम्ही दोन चांगल्या गोष्टी एकात घालताय आणि त्यात दोन्ही बिघडतील. बोट लागते ती मुरगाव बंदराला, वास्कोला. तिथून कवळं तीसेक किलोमीटर. बंदरातून बाहेर पडायचं, टॅक्सी ठरवायची, फोंड्याच्या बाजूला जायचं, दर्शन घ्यायचं आणि सुटायच्या वेळेच्या बरंच आधी परत रांगेत उभं राहायचं. कंपनीच्या सहलीतून गेलेल्यांसाठी बोट थांबते. आपण आपल्या टॅक्सीने गेलो आणि वाटेत अडकलो, तर बोट निघून जाते आणि आपलं सामानही तिच्याबरोबर जातं. कुलदैवताच्या दारात उभं राहून मनगटावरचं घड्याळ बघायचं, हे सासूबाईंना नको. तुम्हालाही नको.

म्हणून दुसरा बदल, आणि हा मला फार महत्त्वाचा वाटतो. एजंटला विचारा, मुंबई–गोवा एकेरी, एका रात्रीचं तिकीट कुठल्या फेरीला मिळतं का. मिळालं तर बोटीने जा आणि रेल्वेने या. संध्याकाळी मुंबईहून निघा, सकाळी गोव्यात उतरा. कवळ्याला देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भक्तनिवासात, खोली मिळते का ते आधी फोन करून विचारा, आणि दर्शन निवांत घ्या. दुसऱ्या दिवशी गाडी करून वेंगुर्ल्याला जा, सासूबाईंना माहेरच्या अंगणात उभं करा. तिथून तारकर्लीही लांब नाही, म्हणजे यजमानांचाही शब्द राहिला. परत येताना कुडाळहून कोकण रेल्वे पकडा आणि ठाण्याला उतरा, कल्याण तिथून जवळच. गोव्यातूनच परतायचं असेल तर मडगावहून २०२३ पासून वंदे भारत आहे, ती पावसाळा सोडून जवळपास आठ तासांत मुंबई गाठते आणि ठाण्यालाही थांबते. बोटीची एक रात्र कमी झाली म्हणून काही कमी पडणार नाही. दोन रात्रींच्या फेरीत शेवटच्या सकाळी नाश्ता जेमतेम होतो तोच खोल्या रिकाम्या करायला सांगतात. परतीच्या रात्रीतलं नवेपण संपलेलं असतं, भाडं मात्र पूर्ण द्यावं लागतं.

एकेरी तिकीट नाहीच मिळालं, तर दोन रात्रींचं घ्या, पण मग कवळं पुढच्या खेपेला ठेवा. गोव्याच्या दिवशी सासूबाईंना बोटीवरच राहू दे. त्या दुपारी निम्म्याहून जास्त प्रवासी उतरून जातात, तलावाजवळच्या खुर्च्या मोकळ्या पडतात, लिफ्टला गर्दी नसते, जेवायला रांग नसते. सफरीतली सगळ्यात शांत वेळ ती. तुम्ही तिघं हवं तर जवळच बोगमाळ्याच्या किनाऱ्यावर जाऊन दोन तासांत परत या.

लक्षद्वीपची फेरी एजंट दाखवेल. फोटो बघून मोह पडेल, पण या वेळी नको. बेटांभोवतीचं पाणी उथळ, प्रवाळाचं. मोठी बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि छोट्या होड्यांतून उतरून किनाऱ्यावर जावं लागतं. लाटेबरोबर वरखाली होणाऱ्या होडीत पाय टाकणं दुखऱ्या गुडघ्यांना झेपणारं नाही. शिवाय हवा बिघडली तर उतरणंच रद्द होतं. तिकिटाच्या अटींत मार्ग बदलायचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो.

सासूबाईंना मात्र हे ऐकून गंमत वाटेल. त्यांच्या आगबोटीलाही कोकणातल्या बऱ्याच बंदरांत धक्का नव्हता. बोट बाहेर उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, वळकट्या सगळं पडावातून किनाऱ्याला जायचं. त्यांना विचारा, त्यांना कुणी उचलून पडावात घेतलं होतं का. माझ्या आईला मालवणला एका खलाशाने बखोटीला धरून उतरवलं होतं आणि तिची एक चप्पल पाण्यात पडली होती. शेवटपर्यंत तिला त्या चपलेच्या पट्ट्याचा रंग आठवत होता.

नणंदबाईंच्या गोंगाटाच्या मुद्द्यात तथ्य आहे. शुक्रवारी सुटणाऱ्या फेऱ्यांवर मित्रमंडळींचे मोठे घोळके असतात, तलावाच्या डेकवर रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात. तो काही गुन्हा नाही, त्यांनीही पैसे भरलेत. पण सोमवार-मंगळवारची फेरी घेतलीत तर बोट वेगळीच वाटते, आणि भाडंही बहुतेक वेळा उतरलेलं असतं. दिवाळी, नाताळ आणि मे महिना टाळा. मुलाची शाळा दोन-तीन दिवस बुडेल, ती बुडू दे. डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो. तेवढ्यातली नाताळ-नवीन वर्षाची गर्दी सोडून कुठलीही तारीख चालेल. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर या फेऱ्या नसतातच, त्या दिवसांत बोट चेन्नईकडे जाते.

जेवणाची काळजी करू नका. भारतीय प्रवाशांसाठी चालवलेल्या बोटींवर शाकाहारी आणि जैन जेवण असतं, आणि ते तिकिटातच येतं. वेगळ्या पैशांची हॉटेलंही बोटीवर असतात, तिकडे फिरकायची गरज नाही. घरचे डबे मात्र आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे लाडू-चिवडा घरीच ठेवा. औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. मोठ्या बॅगा बंदरावरच काढून घेतात आणि त्या खोलीवर संध्याकाळपर्यंत येत नाहीत. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी त्या बॅगेत अडकायला नको.

बोट लागण्याबद्दल, म्हणजे मळमळण्याबद्दल: सासूबाईंना लहानपणी लागत होती का, विचारा. एवढी मोठी बोट शांत समुद्रात फारशी हलत नाही, तरी डॉक्टरांना विचारून अ‍ॅव्होमिनची गोळी बरोबर ठेवा. ती मळमळायला लागण्याआधी घेतली तर जास्त उपयोगी पडते. सत्तरीच्या माणसाला ती घेतल्यावर गुंगी येऊ शकते, बाकीच्या औषधांशी जमते का तेही बघावं लागतं. म्हणून विचारल्याशिवाय देऊ नका. आलेपाक मी नेहमी जवळ ठेवते.

चढण्याच्या दिवशी बॅलार्ड पिअरला लवकर पोचा. ओळखपत्रं, तपासणी, कार्ड या सगळ्यात दोन-अडीच तास सहज जातात, आणि ते बहुतेक उभ्याने. तिकीट काढतानाच सासूबाईंसाठी व्हीलचेअरची विनंती नोंदवा, आयत्या वेळी मागू नका. “मला कशाला, मी चालते की,” असं त्या म्हणतील. त्यांना सांगा, गुडघे बोटीवर चालण्यासाठी राखून ठेवायचेत. रद्द करण्याच्या अटी एजंटकडून लेखी घ्या. तारीख जवळ येते तशी कापली जाणारी रक्कम वाढत जाते.

यजमानांना हे दाखवा. त्यांचा तारकर्लीचा हिशोब चुकीचा नाही. चौघांनी चार दिवस समुद्रकाठी राहायचं असेल तर तारकर्लीच स्वस्त आणि मस्त. फक्त तारकर्लीहून समुद्र दिसतो तो किनाऱ्यावरून. तुमच्या सासूबाईंना समुद्रातून किनारा बघायचाय, आणि त्यासाठी आज मुंबईहून फार बोटी उरलेल्या नाहीत. जुनी आगबोट केव्हाच बंद झाली. २०१८ साली ‘आंग्रिया’ मोठ्या हौसेने मुंबई–गोवा सुरू झाली, तीही फार काळ टिकली नाही. जी बोट आज चालू आहे, तिने आजच जावं. सासूबाईंची सत्तरी पुढच्या वर्षावर ढकलू नका.

आणि शेवटचं, एजंटला फोन कराल तेव्हा हे विसरू नका. मुंबईहून दक्षिणेला जाताना किनारा डाव्या हाताला असतो, सूर्यही तिकडूनच उगवतो. खिडकीची खोली डाव्या बाजूची मागा. मी त्या बाजूने गेले होते तेव्हा मध्यरात्री जाग आली, तर काळ्या पाण्यावर मच्छीमार बोटींचे दिवे दूरवर ओळीने लागलेले होते, आणि थोड्या वेळाने त्यांच्याही पलीकडे, जमिनीच्या बाजूला, एक दिवा ठरावीक अंतराने लागत-विझत होता. ते कुठलं बंदर, हे मला कळलं नाही. सासूबाईंना पहाटे उठवा आणि त्या खिडकीशी बसवा. त्यांना बहुतेक कळेल.